शिक्क्यावाचून अडलेली चाचणी : नानजिंगमधील माझा अनुभव

चिनी शाळेत इंग्रजीची चाचणी घेतल्याचे सांगितले की लोक बहुधा प्रश्नपत्रिकेविषयी विचारतात: उतारे कोठून घेतले, ध्वनिमुद्रण कोणाच्या आवाजात केले, गुणांची विश्वासार्हता कशी तपासली. या कशातच माझे फारसे अडले नाही. माझे घोडे अडले ते एका शाळेच्या शैक्षणिक कामकाज कार्यालयात, आणि त्या कार्यालयाविषयीची चीड अजून पुरती निवलेली नसल्यामुळे पुढील मजकुरात तिचा वाटा मोठा असणार, हे आधीच सांगून ठेवते.

काम थोडक्यात असे होते. नानजिंगमधील एका विद्यापीठात इंग्रजी अध्यापनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी म्हणून मला आठवीतल्या व दहावीतल्या मुलांचे श्रवण आणि वाचन एकत्र मोजायचे होते. वाचनात पुढे असलेले मूल श्रवणातही तितकेच पुढे असते का, हे पाहायचे होते. चीनमध्ये सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक अशी विभागणी असते, आणि इंग्रजी साधारण तिसरीपासून सुरू होते. चिनी शिक्षण मंत्रालयाने 2018 साली इंग्रजी क्षमतेची नऊ पातळ्यांची राष्ट्रीय श्रेणी जाहीर केली. तिच्यातील तिसऱ्या आणि चौथ्या पातळीची वर्णने समोर ठेवून मी प्रश्न काढले, मार्गदर्शकांनी ते तपासले आणि एका लहान गटावर ते वापरूनही पाहिले. दहावीच्या शाळेने संध्याकाळच्या स्वाध्यायाच्या तासिका दिल्या, वर्गशिक्षिकेने मुलांना शांत बसवले आणि काम झाले. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आठवीची शाळा मात्र वेगळ्या कायद्याखाली येते. नववीपर्यंतचे शिक्षण सक्तीचे असल्यामुळे जुलै 2021 मध्ये आलेले 'दुहेरी भारकपात' धोरण तिला लागू होते. गृहपाठाचा आणि शाळेबाहेरील शिकवण्यांचा, असा दोन्हीकडचा भार कमी करणे हा त्या धोरणाचा हेतू. त्यापाठोपाठ मंत्रालयाने परीक्षांच्या संख्येवरही बंधन घातले: कनिष्ठ माध्यमिक शाळेने सत्राअखेरची एक परीक्षा घ्यावी आणि फार तर एक सत्रमध्य परीक्षा. मुलांची एकूण दमछाक पाहता हे बंधन योग्यच आहे आणि माझे त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते या धोरणाची ढाल पुढे करून कोणत्याही कागदावर शिक्का उमटवणे टाळणाऱ्या कार्यालयाशी.

मी पहिल्यांदा कागद घेऊन गेले तेव्हा कार्यालयातील गृहस्थांनी चहाच्या थर्मासाचे झाकण फिरवीत तो सावकाश वाचला आणि ही तर तिसरी परीक्षा झाली, असे म्हणून परत दिला. मी सांगितले की हे गुण मुलांच्या नोंदीत जाणार नाहीत, मुलांचा क्रम लावला जाणार नाही, उत्तरपत्रिकांवर नावेही नसतील. त्यांनी मान डोलावली आणि मग जिल्हा शिक्षण विभागाचे पत्र आणा म्हणाले. जिल्हा शिक्षण विभागात असे कळले की विद्यापीठाचे संशोधन ही विद्यापीठ आणि शाळा यांच्यातली बाब आहे. शाळेची हरकत नसेल तर विभागाचीही नाही, परंतु तसे लेखी देण्याची पद्धत नाही. मग मी विद्यापीठाच्या कार्यालयाकडे शाळेच्या नावे शिफारसपत्र मागितले. तेथे उत्तर मिळाले की शाळेने आधी लेखी मान्यता दिल्याखेरीज विद्यापीठ आपला शिक्का कोणत्याही पत्रावर उमटवत नाही. म्हणजे शाळेला विभागाचा कागद हवा, विभागाला शाळेची मान्यता पुरेशी, विद्यापीठालाही तीच मान्यता हवी, आणि शाळा तर मान्यतेसाठी माझ्याकडेच कागद मागत होती. तिन्ही ठिकाणची माणसे सौजन्याने वागत होती, कोणीही थेट नाही म्हणाले नाही आणि सगळीकडून एकच उत्तर येत राहिले: कळवतो.

चिनी कार्यालयात सहीला फारशी किंमत नसते, सगळा जीव शिक्क्यात असतो. तो गोल आणि लाल असतो, मध्ये पंचकोनी तारा आणि भोवती कमानीत संस्थेचे नाव. तो कुलपात ठेवलेला असतो आणि तो बाहेर काढण्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, ज्यावर वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. कागदपत्र अनेक पानांचे असेल तर आणखी एक सोपस्कार असतो: पाने पत्त्यांसारखी किंचित पसरायची आणि त्यांच्या कडांवर एकच शिक्का असा मारायचा की प्रत्येक पानावर त्याची एकेक चकती यावी, म्हणजे मधले पान नंतर बदलता येऊ नये. माझ्या प्रश्नपत्रिकेला, पालकांच्या पत्राला आणि संशोधन आराखड्याला मिळून असा शिक्का हवा होता. मी पाने नीट लावून, टाचणी न मारता (टाचलेली पाने पसरता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे) घेऊन जात असे आणि तशीच परत आणत असे. एकदा मंजुरी देणारे अधिकारी बैठकीला गेलेले, एकदा शिक्का सांभाळणाऱ्या बाई प्रशिक्षणाला, एकदा दोघेही हजर परंतु अर्जाचा नमुना बदललेला. पाऊस सुरू झाला, झाडांची पाने गळाली, माझे घोंगडे भिजतच पडले होते.

या काळात मला सर्वांत जास्त कशाचा राग आला असेल तर तो वीचॅट या चिनी संदेश-ॲपवरच्या अंगठ्याचा. मी आदरपूर्वक, पूर्ण वाक्यांत, धोरणाचा संदर्भ देऊन विचारणा करावी आणि काही वेळाने पलीकडून एक पिवळा अंगठा यावा. त्याचा अर्थ वाचले, मान्य आहे, पाहू, किंवा आता पुन्हा लिहू नका, यांपैकी काहीही असू शकतो. मी तो दर वेळी मान्यता समजून मार्गदर्शकांना कळवावे असा मोह होत असे. त्यांनी मात्र स्पष्ट सांगून ठेवले होते की शिक्का दिसेपर्यंत काहीही घडलेले नाही असे समजावे. त्यांचा हा सल्ला मी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला देते. या कार्यालयाचे खरे दुखणे माझ्या चाचणीत काही वावगे असण्याचे नव्हते; पहिला शिक्का आपला नसावा, एवढीच तेथील प्रत्येकाची काळजी होती, आणि या काळजीवर पुरावे देऊन काही उपयोग नसतो.

वाट निघाली ती इंग्रजीच्या विषयगटाच्या प्रमुख बाईंमुळे. चिनी शाळेत प्रत्येक विषयाच्या शिक्षकांचा एक अध्यापन-संशोधन गट असतो; तो एकत्र पाठ तयार करतो, एकमेकांचे तास पाहतो आणि त्याच्या प्रमुखाच्या शब्दाला शाळेत वजन असते. या बाईंना माझ्या प्रश्नपत्रिकेत खरोखरच रस होता. त्यांनी दोन उताऱ्यांतील शब्द आठवीच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे असल्याचे मला दाखवले आणि मग सहज विचारले की हे तुम्ही परीक्षा म्हणून का मागता. भारकपात धोरणानुसारच शाळांना तास संपल्यावर मुलांसाठी शालेयोत्तर सेवा चालवावी लागते. तीत गृहपाठ, वाचन, खेळ, छंद असे काहीही चालते, फक्त नवा धडा शिकवायचा नसतो. त्या वेळेत विषयगटाचा श्रवण-वाचन उपक्रम, विद्यापीठाच्या सहकार्याने, असा अर्ज बाईंनी स्वतःच्या नावे केला. त्याच दुपारी शिक्का मिळाला. तीच पाने, तेच प्रश्न, तेच गृहस्थ आणि तोच थर्मास. आता मात्र त्यांनी पानांच्या कडा स्वतः सरळ करून दिल्या. माझा जीव भांड्यात पडला हे खरे, तरी आनंदापेक्षा संताप अधिक होता, हेही लपवत नाही. म्हणून सांगते: कार्यालयाच्या खिडकीकडे आधी जाऊ नये, विषयगटाच्या प्रमुखांकडे जावे, आणि जाताना प्रश्नपत्रिका घेऊन जावे, शिफारसपत्र नव्हे.

पालकांच्या संमतीविषयी वर सांगायचे राहिले. नोव्हेंबर 2021 पासून लागू असलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांची माहिती संवेदनशील मानली जाते आणि तिच्यासाठी पालकांची संमती लागते. आठवीच्या वर्गात तेरा वर्षांची मुलेही असतात आणि चौदा पूर्ण झालेलीही, त्यामुळे वाद न घालता सगळ्यांचीच संमती घ्यावी. शाळांमध्ये पालकांना पाठवायच्या पत्राचा ठरलेला साचा असतो, खाली फाडून परत द्यायची पावती असते, तोच वापरावा. माझे स्वतःचे सुबक संमतिपत्र बाजूला ठेवून शाळेच्या साच्यात मजकूर बसवला, तेव्हा पावत्या भराभर परत आल्या.

चाचणीच्या दिवसाची एक गंमत या शिक्क्याशीच जोडलेली आहे. शाळेची घंटा आपोआप वाजते आणि ती केवळ परीक्षेच्या दिवशी बंद ठेवतात. आमचा उपक्रम परीक्षा नाही, हे आम्ही लेखी देऊन बसलो होतो. तेव्हा घंटा बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. श्रवणाच्या ऐन मध्यावर घंटा वाजली तर चाचणी वाया जाते, कारण एकदाच ऐकवलेला संवाद पुन्हा ऐकवता येत नाही. अखेर सुमारे अर्ध्या तासाचे संपूर्ण श्रवण दोन घंटांच्या मध्ये बसवले आणि वाचन दुसऱ्या तासिकेत घेतले. वाचताना घंटा झाली तर कोणी मानही वर करत नाही. 2021 पासून वर्गात मोबाइल आणण्यास बंदी असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकवण्याचा मार्ग बंदच असतो. सगळी भिस्त वर्गातील ध्वनिक्षेपकावर असते, म्हणून आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐकून पाहावे. ध्वनिमुद्रणात माझा आवाज नाही हे कळल्यावर कार्यालयातील गृहस्थांना हायसे वाटले, असे मला नंतर समजले. आवाज एका ब्रिटिश आणि एका अमेरिकी सहाध्यायांचे होते, आणि माझे पुणेरी इंग्रजी त्या दोघांपेक्षा मुलांना अधिक कळले असते, असे माझे मत अजूनही आहे.

श्रवणाचा साचा मी गाओकाओ या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेसारखाच ठेवला होता. त्या प्रवेशपरीक्षेच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या 150 गुणांपैकी 30 श्रवणाला असतात. वीस प्रश्न, पहिले पाच छोटे संवाद एकदाच आणि बाकीचे दोनदा ऐकवतात. मुलांच्या सवयी तेथपासूनच घडतात. ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या काही सेकंदांत पहिल्या रांगेतील एका मुलीने प्रत्येक प्रश्नाच्या तिन्ही पर्यायांतला फक्त वेगळा शब्द पेन्सिलीने अधोरेखित केला, मग पेन्सिल त्या शब्दांवर टेकवून ती ऐकत राहिली. शेवटी उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी गाओकाओत दोन मिनिटे मिळतात. ती आवर्जून द्यावीत, कारण मुले ऐकताना प्रश्नपत्रिकेवरच खुणा करतात आणि ती दोन मिनिटे मिळणारच असे गृहीत धरतात. 2बी पेन्सिली पुरवण्याची गरज नाही, त्या प्रत्येकाच्या कंपासपेटीत असतात.

गुण मांडताना मात्र एक हिशेब विसरू नये. तेथील रिवाजानुसार श्रवणाला तीन पर्याय असतात आणि वाचनाला चार. डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही वीसपैकी श्रवणात सहा-सात आणि वाचनात पाच गुण पडतात, म्हणून दोन्हींचे कच्चे गुण शेजारीशेजारी ठेवून हा विद्यार्थी श्रवणात बरा आहे असे म्हणणे चुकीचे ठरते. मला जे दिसले ते असे की दोन्हींत सारखेच पुढे असलेली मुले होती, परंतु वाचनात पुढे आणि श्रवणात मध्येच अडलेला एक ठळक गट आठवीत होता. त्यांना कागदावर सहज ओळखता येणारे शब्द बोलण्याच्या ओघात, एकमेकांना चिकटून आले की निसटत. दोनदा ऐकवलेल्या प्रश्नांत हा गट बराच सावरत असे. विषयगटाच्या बाईंना यातले काहीच नवे वाटले नाही. त्यांना हवे होते ते कोणत्या प्रश्नात वर्ग गडगडला, याचे प्रश्नवार कोष्टक, आणि ते मी नावांशिवाय दिले.

वेळेबाबतही सांगून ठेवते. मे महिन्यात कोणत्याही शाळेकडे काही मागू नये. 7 जूनपासून गाओकाओ, त्यानंतर नववीच्या मुलांची उच्च माध्यमिक प्रवेशपरीक्षा, आणि अनेक शाळांच्या इमारती तेव्हा परीक्षा केंद्रे झालेल्या असतात. सप्टेंबरच्या आरंभी विषयगटाच्या प्रमुखांना भेटावे, 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीआधी पालकांच्या पावत्या गोळा कराव्यात आणि सत्रमध्य परीक्षा आटोपल्यानंतरच्या आठवड्यात चाचणी घ्यावी. त्या आठवड्यात शिक्षक उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यात बुडालेले असतात आणि त्यांचा वर्ग दोन तासिका दुसऱ्या कोणी सांभाळणार असेल, तर कोणीही फारशी चौकशी करत नाही.