आधी भाऊजींना फोन

लोणंदच्या बाजूला कांदा पिकवणारे घरटी सापडतील, पण बियाण्याचा कांदा धरणारे थोडे. मी धरते. गोंडे फुलले की रान पांढरंशुभ्र दिसतं, जाणारा-येणारा थांबून फोटो काढतो. पण फूल वेगळं आणि बी वेगळं. कांद्याच्या फुलात पराग आधी झडून जातो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे त्या फुलाचा पराग त्याच फुलाला उपयोगाचा नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यायला हवा. हे काम माश्यांचं. फुलकिड्यांवरचे फवारे वाढत गेले तशा माश्या दिसेनाशा झाल्या, आणि गोंडे चोळले की हातात बी कमी, फोल जास्त. म्हणून यंदा मधमाश्याच विकत आणायच्या ठरवल्या.

आधी गेले ती हमरस्त्यावर पेट्या विकणाऱ्या एकाकडे. पेट्या झकास रंगवलेल्या, आत मेलिफेरा. "परदेशी माशी आहे मॅडम, मध भरपूर." मी म्हटलं, एक उघडून दाखवा. तर म्हणे, उघडली की चिडतात, दारावरची गर्दी बघा की, त्यावरून कळतंच. म्हैस घेताना माणूस दोन वेळची धार काढून बघतो. इथे झाकणसुद्धा उचलायचं नाही म्हणजे कमाल झाली. शिवाय मेलिफेरा मध जास्त देते हे खरं असलं, तरी तिला वर्षभर एका जागी पुरेल एवढा फुलोरा आमच्याकडे नाही. पेट्या गाडीत घालून कधी सूर्यफुलाला, कधी आणखी कशाला हिंडवणं मला जमणारं नव्हतं. मला हवी होती सातेरी, म्हणजे आपली देशी माशी.

सातेरीसाठी जावळीत जायला लागलं. मेढ्याच्या पुढे, केळघरच्या वरच्या अंगाला एक जुने मधपाळ आहेत. त्यांना सगळे आबाच म्हणतात, मीही आबाच म्हणते. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, 1946 सालापासूनचं. तिथे ते तरुणपणी शिकले. त्या डोंगरपट्ट्यात मध हा जोडधंदा जुनाच. पलीकडचं मांघर 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं तेव्हा बाहेरच्यांना त्याचं अप्रूप वाटलं, एवढंच.

दुपारी पोहोचले. चहा आला, पण पेट्या दिसेनात. आबा विचारत सुटले. रान किती? गोंडे किती फुललेत? दहातला एक फुललाय म्हटल्यावर मान हलली. "बरोब्बर. त्याच्या आधी नेल्या असत्या तर दुसऱ्याच फुलांना सोकावल्या असत्या." पाणी कुठे? उन्हाळ्यात सावली कशाची? लोणंदचं ऊन त्यांना माहीत होतं. पेटीवर ओलं किलतान टाकायचं, ताटलीत पाणी आणि पाण्यात खडे ठेवायचे म्हणजे माश्या बुडत नाहीत, हे सगळं सांगून झालं. मग मुद्द्यावर आले.

"शेजारी कोण?"

"दीर आहेत. चुलत."

"फवारणी कधी करतात?"

"सकाळी."

"बोलणं आहे का?"

आता काय सांगणार? बांधावरच्या बाभळीपासून आमचं बोलणं बंद. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर पाया पडते, तेवढंच. आबांनी कप खाली ठेवला. "ताई, सातेरी किलोमीटरभर सहज फिरते. तिला तुमचा बांध कळत नाही. ते सकाळी फवारणार, ही सकाळी जाणार. पैसे तुमचे जातील, जीव माझ्या माश्यांचा जाईल. आत्ता फोन लावा, नाहीतर चहा पिऊन सुखानं घरी जा."

अंगणात आबा, आबांच्या सूनबाई, माझा पिकअपवाला, सगळ्यांसमोर मी भाऊजींना फोन लावला. पलीकडे आधी बराच वेळ काहीच नाही. मग, "बोला वहिनी." मी एका दमात सांगून टाकलं. माश्या आणतेय, फवारणी संध्याकाळी कराल का, दिवस मावळल्यावर, माश्या घरी आल्या की. "अंधारात फवारू?" "हो." "मग बॅटरी धरायला कोण येणार?" म्हटलं, मी येते. आबा उठलेच.

पेट्या उघडताना त्यांनी हातमोजे घातले नाहीत. मला मात्र जाळी घालायला लावली. शेणीचा थोडा धूर, झाकण बाजूला, आणि पोळं लागलेली एकेक चौकट वर. ऊन खांद्यामागून घेऊन चौकट तिरपी धरायची आणि पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी बघायचं. बराच वेळ मला काही दिसलं नाही. मग एकदम दिसलं: बारीक, पांढरं, तळाच्या मध्यावर उभं अंडं. एका घरात एकच. अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलत जातं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी नुकतीच तिथून गेलीय, तिला शोधत बसायची गरज नाही. त्याच्या भोवती अळ्या, मग झाकलेली घरं, वरच्या कडेला पराग आणि मध. खालच्या अंगाला काही घरांच्या टोपणाला मधोमध भोक होतं. मला वाटलं कीड लागली. आबा हसले. ती नरांची घरं, सातेरीच्या नराच्या टोपणाला भोक असतंच.

दोन पेट्या अशा निघाल्या. तिसरीवर माझा डोळा होता, कारण तिच्या दारावर सगळ्यात जास्त लगबग. ती उघडल्यावर आबाच गप्प झाले. एका घरात तीन-चार अंडी, काही तर भिंतीला चिकटलेली. तिच्यात राणीच नव्हती. राणी गेली आणि नवी झाली नाही की कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यांचं पोट आखूड, तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अंडी भिंतीला. आणि त्यांचं मीलन झालेलं नसतं, म्हणून त्यातून निघतात ते नुसते नर. नर काम करत नाहीत, जुन्या कामकरी मरत जातात आणि पेटी रिकामी होते. दारावर मात्र तोवर गर्दी. हमरस्त्यावरच्या त्या गृहस्थाची मला तिथे आठवण झाली. आबांनी झाकण लावलं. "ही नाही देणार." मी पैसे मोजले ते दोनच पेट्यांचे.

दिवस बुडाल्यावर, बाहेरच्या माश्या आत आल्यावर दाराला जाळी ठोकली. पेट्या गाडीत अशा ठेवल्या की चौकटी गाडीच्या लांबीला समांतर. आडव्या असत्या तर प्रत्येक ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटली असती. कुडाळ, पाचवड, हायवे, खंडाळा, लोणंद. पिकअपवाला एरवी गतिरोधक ओळखत नाही. त्या रात्री मागच्या गुणगुणीला असा भ्याला होता की बैलगाडीनेही आम्हाला मागे टाकलं असतं.

स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या मुंग्यांसाठी. दाराला राणी-फाटक लावलं, ज्यातून कामकरी जातात, राणी अडते. सातेरीला जागा पटली नाही तर ती सगळं सोडून उडून जाते, म्हणून सुरुवातीला हे बंधन. पहाटे जाळी काढली. ऊन आल्यावर माश्या बाहेर आल्या, तोंड पेटीकडे करून घिरट्या घातल्या, जागा डोळ्यांत भरून घेतली आणि सरळ बांध ओलांडून भाऊजींच्या रानात गेल्या. त्यांच्या वाफ्यांत धने फुलले होते.

घाबरून आबांना फोन केला. ते म्हणाले, "कांद्याच्या रसात पोटॅश जास्त, माशीला तो फारसा रुचत नाही. धन्यासमोर कांदा कोण खातो? जवळ फुललंय तोवर जाणारच. धने ओसरू देत. तोवर थोड्या वळतीलच."

थोड्या वळल्या. धन्याची फुलं गळाली तशा गोंड्यांवर वाढल्या, नंतर तर सकाळी रान घुमायला लागलं. भाऊजींनी मात्र पहिल्याच दिवशी बांधावरून ऐकवलं होतं, "वहिनी, माश्या तुमच्या आणि जेवायला आमच्याकडे?"

त्या संध्याकाळी त्यांच्या रांगड्या कांद्यावर फवारणी होती. बॅटरी धरायला गेले. पंप पाठीला लावता लावता त्यांनी विचारलं, आबांकडे आणखी पेट्या मिळतील का.