न्यू जर्सीचा ड्रायर, ल्युसर्नचं सॉकेट

टूर मॅनेजरला परदेशात सकाळी येणारे फोन बहुधा गरम पाण्याचे किंवा हरवलेल्या चष्म्याचे असतात. त्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला काकूंचा फोन आला तो वेगळाच. "अरे, खोलीत अंधार झालाय आणि काहीतरी जळल्याचा वास येतोय. लवकर ये!"

टिटलिसच्या बर्फाळ डोंगरावर निघायची गडबड होती. वर गेलो तर काका खिडक्या उघडत होते, काकू ओल्या केसांनी पलंगावर. टेबलावर गुलाबी हेअर ड्रायर, तोंडाशी जाळी काळी पडलेली. त्याचा प्लग चांगला आगपेटीपेक्षा मोठा, वर दोन बटणं. ते पाहताच माल अमेरिकेचा हे कळलं. तिकडच्या ड्रायरना असा प्लग असतो, ड्रायर पाण्यात पडला तर वीज तोडायला. जास्त व्होल्टेजपुढे त्याचा उपयोग नाही.

"लेकीने न्यू जर्सीहून दिलाय, भारीतला आहे," काकू म्हणाल्या. "आणि मी अडॅप्टर लावला होता हो!"

लावला होताच, दादरला स्टेशनबाहेर घेतलेला. पण अडॅप्टर फक्त पिना जुळवून देतो. भिंतीतली 230 व्होल्ट वीज जशीच्या तशी पुढे जाते. ड्रायर उलटा करून काकांना दाखवला: 120 व्होल्ट, 1500 वॅट. काका बँकेतले, हिशेब त्यांनीच मांडला. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट म्हणजे करंटही तेवढाच चढणार, साडेबारा अँपिअरच्या जागी चोवीसच्या आसपास, आणि उष्णता पावणेचारपट. स्विस सॉकेट साधारण 10 अँपिअरचं. करंट वाढताच वीज तोडणारा ब्रेकर पडला म्हणून निभावलं.

हॉटेलच्या माणसाने काही न बोलता ब्रेकर चढवला आणि बाथरूमकडे बोट दाखवलं. तिथे भिंतीला हॉटेलचा ड्रायर टांगलेला होता. मला हसू आवरेना, काकूंनाही.

माझं निरीक्षण असं की आपल्याकडून नेलेल्या वस्तूंनी युरोपात असा धूर सहसा निघत नाही, कारण दोन्हीकडे 230 व्होल्टच. घात करतात त्या मुलांनी अमेरिकेहून आणलेल्या भेटी. उलट आपली किटली जपानला नेली तर तिथल्या 100 व्होल्टवर ती पाचव्या हिश्श्याइतकीच तापते. चहाची वाट बघत बसा, पण धोका नाही.

संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना आपापलं सामान आणायला सांगितलं. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर ठीक, त्यांवर 100-240 छापलेलंच असतं. एका आजोबांचं झोपेतल्या श्वासाचं मशीनही तसंच. ते मात्र घाबरून दोन रात्री ते न लावताच झोपले होते! दुसऱ्या एका मावशींची स्टीलची किटली 1500 वॅटची, अडॅप्टर 6 अँपिअरचा. म्हणजे साडेसहा अँपिअर त्यातून जात होते. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं होतं. शिवाय किटलीला तीन पिना, अडॅप्टरला पुढे दोनच, म्हणजे अर्थिंग गायब. धातूच्या भांड्याला हे चालत नाही. मावशींना म्हटलं, उपम्याला लागणारं उकळतं पाणी मी किचनमधून आणून देतो, ही बॅगेत ठेवा.

हल्ली निघण्याआधीच्या मीटिंगला मी पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर प्रत्येक विजेच्या वस्तूमागच्या लेबलचा फोटो मागतो. लोक कुरकुरतात, पण पाठवतात.