खिडकीतला डोंगर आणि 'खाजगी वन'

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. घर घेताना बाबांनी मंजूर नकाशा, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), ओसी (राहायला जाण्याचा दाखला), सगळं दोनदा तपासलं होतं. काही वर्षांनी ताईच्या लग्नासाठी ते विकायला काढलं, तेव्हा समोरच्या वकिलांनी सातबारा पुढे केला. इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' अशी नोंद! घेणाऱ्यांना कर्ज मिळेना, व्यवहार मोडला. बाबा रात्री उशिरापर्यंत ओसीचा कागद हातात धरून बसले होते.

मूळ होतं १९५६-५७ च्या सुमाराच्या नोटिशींत. खाजगी जंगलावर निर्बंध का घालू नयेत, असं मालकाला विचारणाऱ्या त्या नोटिशी १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली निघाल्या आणि पडून राहिल्या. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा करणारा कायदा लागू झाला. नोटीस निघालेली जमीन तेव्हाच सरकारजमा झाली, असं सरकार म्हणू लागलं, पण पुष्कळ वर्षांनी. तोवर अशा जमिनींवर रीतसर परवानगीने इमारती उभ्या राहिल्या होत्या. मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आमच्या सोसायटीत पेढे वाटले. बाबा कितीतरी दिवसांनी मोकळेपणी बोलले.

पण त्या दिवसांत कानावर आलेलं एक वाक्य मला अजून खटकतं: "प्लॅन पास आहे ना, मग झालं." नाही झालं. बांधकामाची परवानगी मजले, उंची, रस्ता, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) बघते. झाडोऱ्याचं आणि बिबट्याच्या वाटेचं काय, हे वन कायद्यांनी विचारायचं असतं. एकाची मंजुरी दुसऱ्याला पुरत नाही.

खुद्द राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे आल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. तिथे खाजगी बंगल्याचा प्रश्नच उरत नाही. पर्यटकांसाठी धंद्याचं लॉज बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी हवी, २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारी लॉजलाही. उद्यानातल्या पाड्यावरून रानभाजी घेऊन येणाऱ्या मावशी सांगतात, त्यांना घराची भिंत पक्की करायलाही धास्ती वाटते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना ही धास्ती, आणि कुंपणाला खेटून टॉवर!

खरा घोळ कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात आहे. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे उद्यानाला जपण्यासाठी बांधकामांवर निर्बंध असलेला पट्टा, जाहीर झालं, कुठे जेमतेम १०० मीटर, कुठे ४ किलोमीटर. तिथे शहराचा विकास आराखडाही लागू होतो आणि ही अधिसूचनाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की या पट्ट्यातल्या प्रत्येक बांधकामाच्या फाइलीत वनविभागाचं लेखी उत्तर पहिली वीट रचण्याआधी लागलं पाहिजे, आणि घर घेणाऱ्याला ते मागून बघता आलं पाहिजे. आमच्या फाइलीत असा एक कागद असता तर बाबांनी तोही दोनदा वाचला असता.