अहवाल वाचलायस काय रे?

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी महाजन अहवालावर, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या आयोगाच्या अहवालावर, तावातावानं बोललो. 'हा अहवाल मलप्रभा नदीत बुडवा!' म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, पहिला नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांनी व्हरांड्यात थांबवलं. ''भाषण झकास झालं. पण अहवाल वाचलायस काय रे?''

मी मान खाली घातली. घरीदारी ऐकलेलंच मी बोललो होतो.

सरांनी वाचनालयातून सीमाप्रश्नावरचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. वहीत मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे 'काय म्हटलंय', उजवीकडे 'कशावरून'. 1967 च्या त्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसुरातच राहावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्राकडच्या यादीत निपाणी होतं, नंदगड होतं आणि आमचं खानापूरही! ज्या अहवालाला मी बुडवायला निघालो होतो, त्यात माझ्याच तालुक्याच्या गावाचं नाव आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बेळगावबद्दलचा राग तसूभरही कमी झाला नाही, पण खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा ही आपल्या मराठी बाजूच्या मागणीची चार सूत्रं त्या शिफारशींशी कुठं जुळतात आणि कुठं नाही, हे मी पहिल्यांदाच ताडून बघितलं.

1 नोव्हेंबरला कर्नाटकाचा स्थापना दिन, राज्योत्सव असतो; सीमाभागातली आम्ही मराठी माणसं तोच काळा दिन म्हणून पाळतो. नंतर सरांनी 2 नोव्हेंबरचे दोन पेपर बाकावर शेजारी शेजारी मांडले, एक मराठी, एक कन्नड. कन्नड बातमी वर्गमैत्रिणीनं वाचून अर्थ सांगितला. ''आता दोन्हीतली विशेषणं खोडा,'' सर म्हणाले. 'उत्स्फूर्त', 'अभूतपूर्व', 'प्रचंड' सगळं लाल पेन्सिलीखाली गेलं. उरले रस्ते आणि वेळा. आमच्या पेपरात राज्योत्सवाच्या मिरवणुकीला चार ओळी, त्यांच्यात काळ्या दिनाच्या फेरीचा पत्ताच नाही. छापलेलं वाचता येतं, पण गाळलेलं वाचायला दुसरा पेपर लागतो. त्याच महिन्यात मी कन्नड नेटानं शिकायला घेतलं.

पुढच्या वर्षी त्याच विषयावर पुन्हा बोललो, आकड्यांसकट, खानापूरच्या नावासकट. टाळ्या थोड्याच पडल्या, नंबर आला नाही. सभा सुटल्यावर गल्लीतले एक आजोबा काठी टेकत जवळ आले.

''पोरा, ते पुस्तक कुठं मिळतंय?''