दादर ते शिर्डी पायी : भीती घाटाची घालतात, माजिवड्याबद्दल कोणी बोलत नाही

मुंबईहून शिर्डीला पायी निघणाऱ्या प्रत्येकाला कसारा घाटाची भीती घातली जाते. मलाही घातली गेली होती, आणि त्या भीतीपायी गेल्या वर्षी मी सगळी तयारी चुकीच्या दिशेने केली. आमच्या इमारतीचे सात मजले दिवसातून दोनदा चढत होते, रविवारी मलबार हिलच्या पायऱ्या चढत होते, आणि तरीही यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी, घाट अजून तीन मुक्काम दूर असताना, जवळजवळ सपाट रस्त्यावर माझे चालणे संपले. यंदा डिसेंबरमध्ये मी तोच रस्ता नऊ दिवसांत पूर्ण केला. या दोन वर्षांत जो फरक पडला तो पायांच्या ताकदीपेक्षा सवयींचा आणि सोबतीचा होता, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. ज्यांना एका दिवसात वीस किलोमीटर चालण्याचा सराव आहे आणि ज्यांच्याकडे वापरून मऊ झालेले बूट आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. ज्यांना तो सराव नाही त्यांनी पुढच्या यात्रेसाठी नाव नोंदवू नये, त्यानंतरच्या वर्षी नोंदवावे.

एकूण अंतर सुमारे २४० किलोमीटर. पहिला मुक्काम ठाण्यात, दुसरा पडघ्याला, तिसरा शहापूरजवळ, चौथा कसाऱ्याला, पाचवा घोटीला, आणि त्यानंतर सिन्नर, वावी, पाथरे या वाटेने शिर्डी. पहिल्या दिवशी पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने ठाण्यापर्यंत चालताना सगळे उत्साहात असतात, ओळखीचे लोक रस्त्यात भेटून पाणी देतात, आणि त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल.

ठाण्यातला माजिवडा ते भिवंडीपुढचे वडपे हा सुमारे चोवीस किलोमीटरचा टप्पा या संपूर्ण यात्रेतला सर्वांत वाईट आहे, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. साकेतचा पूल, खारेगाव, माणकोली, रांजणोली आणि मग वडपे, असा हा रस्ता भिवंडीच्या गोदामांमधून जातो. कंटेनर आणि ट्रेलर यांची रांग पहाटेपासून सुरू असते, आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरणाचे काम चालू असल्याने कडेची पट्टी कुठे खणलेली तर कुठे खडीने भरलेली होती, आणि जिथे चालायला जागा होती तिथे पायाखाली काँक्रीट होते. काँक्रीटवर पाऊल आपटते, मातीवर ते टेकते, आणि हा फरक पहिल्या पाच किलोमीटरमध्ये जाणवत नसला तरी पंधराव्या किलोमीटरला टाचेपासून कमरेपर्यंत कळतो. त्यात रस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली आणि दुसरा वर पडतो. सावली जवळपास नाहीच. शिवाय आदल्या दिवशी चोवीस-पंचवीस किलोमीटर चाललेले असल्यामुळे पोटऱ्या सकाळपासूनच आखडलेल्या असतात.

याहून मोठी अडचण मनाची आहे, आणि ती मला कोणीही सांगितली नव्हती. घर अजून जवळ असते. हात केला तर रिक्षा थांबते, तासाभरात ठाणे स्टेशन गाठता येते आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येते. घाटात परत फिरण्याचा विचार मनात येत नाही, कारण तिथे परत फिरणे हेच जास्त कष्टाचे असते; माणकोलीला मात्र तो दर दहा मिनिटांनी येतो.

गेल्या वर्षी मी ज्या गटाबरोबर गेले होते त्यांनी नाव नोंदवताना सांगितले होते की रोज अर्धा तास चाललात तरी पुरे, बाकी बाबा बघून घेतील. वर्गणी सहा हजार रुपये घेतली, महिलांसाठी वेगळा तंबू आणि वेगळी प्रसाधनाची सोय असेल असे आश्वासन दिले, आणि प्रत्यक्षात ठाण्याच्या मुक्कामात एका सभागृहात साठ माणसांना दोन शौचालये होती. दुसऱ्या दिवशी पुढची माणसे झपझप निघून गेली. रांजणोलीच्या पुढे आम्ही तिघी मागे राहिलो तेव्हा आमच्या मागे कोणीही नव्हते, पुढे कोणी दिसत नव्हते, आणि गटप्रमुखांचा फोन लागत नव्हता. माझ्या डाव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला होता. एका टेम्पोवाल्याने ठाण्यापर्यंत सोडण्याचे बाराशे रुपये मागितले आणि आम्ही ते मुकाट्याने दिले, कारण आमची अवस्था त्याला दिसत होती. त्याआधी एका ढाब्यावर शौचालय वापरण्याचे प्रत्येकी पन्नास आणि बादलीभर कोमट पाण्याचे शंभर रुपये घेतले होते. पैसे गेल्याचे दुःख मी विसरले, पण आपण मागे राहिलो हे कोणाच्या लक्षातही आले नाही, हे मी विसरलेले नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा, की मंडळ निवडताना पालखी किती सजलेली आहे, जेवणात गोड काय असते किंवा किती वर्षांची परंपरा आहे हे विचारण्याआधी एवढेच विचारा की तुमच्यात सर्वांत शेवटी कोण चालतो. ज्या मंडळाला या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येत नाही, त्या मंडळाबरोबर जाऊ नका, मग ते वर्गणी कितीही कमी घेवो.

यंदाच्या मंडळात त्या माणसाचे नाव मला पहिल्याच सभेत सांगितले गेले. सगळे त्यांना काका म्हणतात; वय साठीच्या पुढे, हातात लाल फडके बांधलेली काठी, आणि नियम असा की काठीच्या मागे कोणीही राहायचे नाही. दर थांब्यावर काका डोकी मोजत नाहीत, वहीतून एकेक नाव वाचतात आणि त्या त्या माणसाने 'साईराम' म्हटल्यावरच पुढचे नाव घेतात. पूर्वी आकडा मोजत असत, तेव्हा एकदा दुसऱ्याच पालखीतला माणूस मोजला गेला आणि आपला एक मागे राहिला, तेव्हापासून ही पद्धत पडली असे त्यांनी मला सांगितले. बासष्ट नावे वाचायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि पुढे जाण्याची घाई असलेली तरुण मुले कुरकुरतात, तरीही ती पाच मिनिटे एकदाही वगळली गेली नाहीत.

दुसरा नियम मला आणखी उपयोगी पडला. परत जायचे की नाही हे चालताना ठरवायचे नाही. पुढच्या थांब्यापर्यंत जायचे, बूट काढायचे, पाय धुवायचे, काहीतरी खायचे, आणि त्यानंतरही जावेसे वाटले तर मंडळाची गाडी सोडायला येईल. माणकोलीला मी हाच विचार घेऊन पोहोचले होते. एका सेविकेने, आम्ही त्यांना ताई म्हणतो, माझा डावा बूट स्वतः काढला आणि उलटा करून आपटला. त्यातून राखाडी, पिठासारखी बारीक धूळ पडली आणि त्याबरोबर गव्हाच्या दाण्याहून लहान अशी खडीची कपची. मोजा चवड्याखाली गोळा होऊन त्याची घडी पडली होती आणि त्या घडीखालची कातडी लाल झाली होती, पण फुटली नव्हती. ताईंनी पाय पुसून कोरडा केला, त्या जागेवर औषधाच्या दुकानात मिळते ती कागदी चिकटपट्टी घडी न पडू देता लावली आणि दुसरा मोजा दिला. गेल्या वर्षी अगदी याच जागी फोड आला होता, आणि तो येण्याआधी दहा मिनिटे थांबले असते तर आला नसता, हे मला तिथे बसल्या बसल्या समजले. थोड्या वेळाने काकांनी माझे नाव वाचले, मी साईराम म्हटले आणि उठले.

तेव्हा या टप्प्यापुरते लक्षात ठेवा. ठाण्याहून पहाटे चारच्या आत निघा, म्हणजे ऊन चढेपर्यंत माणकोली मागे पडते. अंधारात चमकणारी पट्टी असलेले जाकीट घालणे सक्तीचे समजा. नाकातोंडावर ओला रुमाल बांधा. दर तासाला, काही दुखत नसले तरी, बूट काढून झटका. ज्यांना हे अति वाटते त्यांचे पाय मी वडप्याला पाहिले आहेत. बोटांना आणि चवड्याला खोबरेल तेल लावून त्यावर पातळ मोजा आणि त्यावर जाड मोजा घाला, आणि बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, कारण दुसऱ्या दिवशी पाय सुजतो. फोड आलाच तर सुई-दोरा आरपार काढून दोरा आत ठेवण्याची जी जुनी पद्धत अनेकजण आग्रहाने सांगतात ती करू नका. त्या धुळीत ती जखम पिकते, आणि आमच्यातल्या एका तरुणाला त्यामुळेच शहापूरहून परत जावे लागले. स्त्रियांनी शौचालयाची सोय कुठे आहे हे आधी मंडळाकडून लिहून घ्यावे. आमच्या मंडळाने एका पेट्रोल पंपाशी आणि एका गोदामाच्या कार्यालयाशी आठवडाभर आधी बोलून ठेवले होते आणि कोणालाही एक रुपया द्यावा लागला नाही. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेण्याचा मार्ग कृपा करून स्वीकारू नका. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी दर अर्ध्या तासाला घ्या.

तयारी आम्ही दसऱ्यानंतर सुरू केली, म्हणजे हाताशी दोन महिने होते. सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते सहा शिवाजी पार्कला फेऱ्या, आणि शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब चालणे. हे 'सलग' महत्त्वाचे आहे. एकाच दिवशी तीस किलोमीटर चालून आठवडाभर विश्रांती घेणारे लोक आपली तयारी झाली असे समजतात, पण ही यात्रा ताज्या पायांनी चालायची नसून आदल्या दिवशी दमलेल्या पायांनी चालायची असते, आणि ती सवय दमलेल्या पायांनी चालल्याशिवाय लागत नाही. शेवटच्या महिन्यात आम्ही शनिवारी दादरहून ठाण्यापर्यंत चालत जायचो, लोकलने घरी यायचो, आणि रविवारी पुन्हा लोकलने ठाण्याला जाऊन माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखापर्यंत जाऊन परत यायचो. तो रस्ता सुंदर नाही, तिथेही ट्रक आणि काँक्रीट आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी काकांनी तो निवडला होता. मरिन ड्राइव्हवर वारा खात चालण्याने मन प्रसन्न होते, पण रांजणोलीची तयारी होत नाही.

पहाटे उठणे मला एकटीला जमले नसते हे मी स्पष्टपणे लिहिते. रात्री दहाला झोपायचे, बूट-मोजे दाराशी ठेवायचे, दुसऱ्या दिवसाची भाजी रात्रीच चिरून ठेवायची, एवढे मी केले. पण पावणेपाचला दाराची कडी वाजवण्याचे काम शेजारच्या वहिनींनी केले आणि शनिवारचा डबा सासूबाईंनी आपणहून स्वतःकडे घेतला. तिसऱ्या आठवड्यात एकदा पावसाचे निमित्त करून मी आतूनच नको म्हटले, तेव्हा वहिनी काही न बोलता बाहेर जिन्यावर बसून राहिल्या. दहा मिनिटांनी मी बाहेर आले. त्यानंतर त्यांना कडी वाजवावी लागली नाही, मीच आधी तयार होऊन त्यांची वाट पाहू लागले, आणि माझ्या दृष्टीने यात्रा त्या दिवशी सुरू झाली. ज्यांच्या घरी किंवा शेजारी असे कोणी नाही त्यांनी मंडळातल्या एका माणसाशी जोडी ठरवून घ्यावी आणि रोज पहाटे एकमेकांना फोन करावा. गजराचा आवाज बंद करता येतो, वाट पाहणाऱ्या माणसाला तसे टाळता येत नाही.

आता कसारा घाट. पहाटे साडेचारला निघालो, इगतपुरीपर्यंतची चढण साधारण तीनशे मीटरची आहे आणि ती अंगावर येत नाही. शेजारून जाणारा लोहमार्ग दर ३७ मीटरला १ मीटर चढतो आणि तिथे आजही गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. त्यांचा घरघराट ऐकत, लहान पावले टाकत, न बोलता चालत राहिले की घाटनदेवीचे मंदिर येते. वळणांवर ट्रकपासून सांभाळावे लागते आणि एका रांगेतच चालावे लागते, बाकी घाटाबद्दल जे सांगितले जाते ते वाढवून सांगितलेले आहे. वरून मागे पाहिल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते घाट चढल्याचे नव्हते.

घोटीपासून पुढचे दिवस चांगले गेले. रस्त्याला वर्दळ कमी होती, शेते होती, सिन्नरला पहाटे कडाक्याची थंडी होती, तेव्हा एक जाड चादर जास्त घ्यावी. शिर्डीत पोहोचण्याच्या उत्साहात शेवटच्या दिवशी अनेकजण धावल्यासारखे चालतात आणि गुडघे दुखावून घेतात, तसे करू नये. परतीचे रेल्वेचे आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा. दादरला थेट येणारी गाडी रोज नसते आणि ऐनवेळी मिळणारी खाजगी वाहने थकलेल्या माणसाकडून वाटेल ते भाडे घेतात. यंदा आमच्या मंडळाची वर्गणी साडेतीन हजार रुपये होती आणि तिचा हिशेब शिर्डीत सर्वांसमोर वाचून दाखवला गेला.

काकांचा गुडघा आता साथ देत नाही. पुढच्या वर्षी माजिवडा ते वडपे हा टप्पा त्यांनी गाडीतून करावा असे सर्वांनी मिळून ठरवले आहे, आणि त्या दिवसापुरती लाल फडक्याची काठी आणि नावांची वही माझ्याकडे असेल. सराव दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू होईल. नवे बूट घ्यायचे असतील तर गणपतीत घ्या, म्हणजे तोवर ते पायाला बसलेले असतील.