सात भ्रूण, पण निळा पट्टा एकही नाही

ॲनिमल हाऊसला, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवतात तिथं, भल्या सकाळी पोहोचावं लागायचं. उशीर झाला की प्लग गळून पडलेला असतो. रात्री मीलन झालं की उंदरीच्या योनीत पांढरट, घट्ट बूच बसतं, तोच हा प्लग. ते दिसलं की तो दिवस पहिला धरायचा.

त्या उंदरीत ‘लिफ’ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केलेल्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी शेपटीच्या शिरेतून निळा रंग सोडला. गर्भ रुजू लागतो तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात, त्यामुळे गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांवर (उंदरीच्या गर्भाशयाला असे दोन नळीसारखे फाटे असतात) माळेतल्या मण्यांसारखे निळे पट्टे उमटतात. हिच्यात एकही नव्हता. वाटलं, सुई चुकली. (शिरेऐवजी शेपटीच फुगवण्यात माझा हातखंडा होता.) पण कान आणि पंजे तर निळेशार झाले होते.

मग शिंगं सलाइननं धुतली आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सात ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रुजायच्या टप्प्याला आलेले भ्रूण! इतके दिवस नुसते तरंगत होते बिचारे. वहीत मी आधीच ‘वांझ’ लिहून ठेवलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं : भ्रूण ७, रुजलेले ०.

खोट भ्रूणात की गर्भाशयात, हे संशोधक कॉलिन स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं. अशा मादीचे भ्रूण त्यांनी धडधाकट मादीच्या गर्भाशयात सोडले. ते रुजले आणि वाढलेही. मला हे पाठ होतं, तरी ते सात पाहीपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

‘लिफ’ जनुकापासून बनणारं लिफ हे प्रथिन चौथ्या दिवशी गर्भाशयाच्या ग्रंथींतून स्रवतं. गंमत म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या गर्भाशयात या ग्रंथी नसतातच. ती साधी नळी असते. जन्मानंतर आठवडाभरात आतलं अस्तर जागोजागी खाली दुमडू लागतं, तेव्हा कुठे ग्रंथी घडतात. ‘डब्ल्यूएनटी७ए’ जनुक नसेल तर त्या बनत नाहीत. ‘हॉक्सए१०’ नसेल तर वेगळाच घोळ : गर्भाशयाचा वरचा भाग अंडवाहिनीसारखा होतो.

मला सगळ्यात आवडतो तो ‘फॉक्सए२’चा प्रयोग. हे जनुक लहानपणीच काढलं तर ग्रंथी होत नाहीत. मोठेपणी काढलं तर ग्रंथी असतात, पण लिफ नसतं. दोघीही वंध्य. दोघींना बाहेरून लिफ टोचलं तर दोघींतही गर्भ रुजतो. मात्र ग्रंथी नसलेलीचा गर्भ दहाव्या दिवसापर्यंत टिकत नाही, आणि ग्रंथी असलेली दिवस भरून पिल्लं देते. म्हणजे रुजल्यानंतरही त्या ग्रंथी आणखी काहीतरी पुरवत असतात, आणि ते लिफ नव्हे.