पालक तसाच राहिला

संध्याकाळी टँकमधलं पालकाचं पान बाहेर काढलं तर ते जसंच्या तसं. एकही कड कुरतडलेली नाही. कालपर्यंत उकडलेलं पान पाण्यात पडायचा अवकाश, हा मोठा टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, सगळ्यांच्या आधी तोंड लावायचा, आणि सकाळी शिरांची जाळी तेवढी उरायची. आज तो पानाला वळसा घालून गेला आणि काचेला टेकून बसला. एवढ्याशा गोष्टीने तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

कारण माहीत नाही असं नाही. पुढचे पाय बाहेर आले की टॅडपोल खाणं सोडतात. मागचे पाय आपल्या डोळ्यांदेखत वाढतात, आधी दोन ठिपके, मग गुडघे, मग बोटं. पुढचे मात्र कातडीच्या आतच तयार होतात. आज दुपारी मी भिंग घेऊन बसले होते. कल्ल्यांतलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या डाव्या बाजूच्या भोकातून आधी कोपर आलं. ते दोनदा आतून ढुसकलं, थांबलं, आणि एकदम अख्खा हात सुटा झाला. चार बोटं, एकमेकांपासून फाकलेली. उजवा अजून कातडीखालीच, टेंगूळ आल्यासारखा. दादाला हाक मारली, तो येईपर्यंत उजवाही बाहेर.

आणि मग ते पान.

रात्री परत वाचत बसले. त्याची ती टोकदार कडक चोच आता झडून जाते, तोंड रुंद होतं. पोटाच्या पातळ कातडीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आतडं दिसायचं ना, पानं-शेवाळ पचवण्यासाठी तेवढं लांब असलेलं, ते आखडून कितीतरी आखूड होतं, कारण पुढचं सगळं आयुष्य किड्यांवर काढायचं आहे. मधल्या या दिवसांत जुनं तोंड गेलेलं, नवं धड झालेलं नाही. तेवढे दिवस तो स्वतःच्या शेपटीवर जगतो. शेपूट तुटून पडत नाही, आतल्या आत जिरते आणि तेच त्याचं अन्न.

म्हणजे माझ्या हातचं आता त्याला काही नको. हे वाक्य डोक्यातून जातच नाही. नळाचं पाणी घेताना क्लोरीन काढायचं औषध विसरायचं नाही, साबणाचा हात पाण्यात जाऊ द्यायचा नाही, तळाशी कुजलेलं पान राहिलं की अमोनिया वाढतो म्हणून नळीने तळ ओढून घ्यायचा, फिल्टर इतका मंद ठेवायचा की एकही पिल्लू खेचलं जाणार नाही. हे सगळं त्याच्यासाठी चाललं होतं, आणि त्याला लागणारं सगळं तो अंगावरच घेऊन आला होता. मला वाटायचं मी वाढवतेय. आटत चाललेल्या डबक्यातून आणले तेव्हा तर वाटलं होतं, आपल्याशिवाय यांचं कोण आहे.

दुपारी मनूचा फोन येऊन गेला. बरी आहे म्हणाली. असो.

वाचता वाचता एक जुना प्रयोग सापडला. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने टॅडपोलना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. वाढ तिथेच थांबली आणि ती पिल्लं वेळेआधीच बेडूक व्हायला लागली, अगदी चिमुकले बेडूक. पाय, शेपूट, तोंड, आतडं, सगळं त्या थायरॉइडच्या इशाऱ्यावर चालतं. पानं बंद होणं हाही त्याच इशाऱ्याचा भाग. हे वाचून पहिल्यांदा जरा सैल वाटलं. त्याने माझं पान नाकारलेलं नाही. त्याच्या वेळेवर त्याचं खाणं थांबलं, आणि वेळेवर थांबलं हेच चांगलं.

मग उठले आणि टँकचं पाणी उतरवलं, एका बाजूला उतरता दगड लावला. हे मात्र त्याला लागणार. कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागली की टेकायला कोरडी जागा नसेल तर बेडकाचं पिल्लू पाण्यात बुडून मरतं. झाकण नीट बसवलं, कारण पिल्लं ओल्या काचेवर चिकटून सरळ वर चढतात. तासाभराने पाहिलं तर तो दगडाच्या ओल्या कडेवर, अर्धा आत, अर्धा बाहेर. घशाखालची कातडी भराभर वरखाली होत होती. हवा घेत होता. मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

दादा म्हणतो ठेवून घे, एवढं केलंस तर. नाही ठेवायचा. शेपूट जिरली की त्याला रोज जिवंत, हलणारे, त्याच्या तोंडात मावतील एवढे बारीक किडे लागतील. मेलेल्या अन्नाकडे तो पाहणारही नाही. आणि कितीतरी ठिकाणी रानातला बेडूक घरात ठेवायला कायद्याची परवानगी लागते, ते बरोबरच आहे. सोडायचा तोही जिथून आणला तिथेच, आता पावसाने ते डबकं पुन्हा भरलंय. दुसरं तळं कितीही छान दिसलं तरी नको. १९९९ मध्ये जिला नाव मिळालं ती कायट्रिड बुरशी बेडकांच्या कातडीवरच वाढते आणि तिने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात. अशा गोष्टी इकडून तिकडे माणसांच्या हातांनीही जातात. या टँकमध्ये दुसरं कुठलं जनावर कधी ठेवलं नाही, म्हणून तरी परत सोडायचा धीर होतो. टँकचं पाणी डबक्यात ओतायचं नाही, लांब कोरड्या मातीत. जाळी आणि डबा धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवायचे.

मनूला विचारते, रविवारी येतेस का म्हणून. नाही आली तरी तोवर शेपूट जिरली तर रविवारीच सोडणार, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.